फक्त मेसेज करा

आमच्या ऑफिसात चोरीच्या वस्तूला 'हाती लागलेली वस्तू' म्हणायची पद्धत होती. कुणाच्या हाती लागली, कशी लागली, हे विचारायचं नाही. विचारलं तर संपादक असे बघायचे, जसं काही आपण चारचौघांत त्यांचा पगार विचारलाय. मी तिथे सहा वर्षं काढली. त्या सहा वर्षांतली एक मंगळवारची दुपार अजून माझ्या घशाखाली उतरत नाही. त्या दुपारचे जे कोणी दोषी आहेत त्यांत माझं नाव बरंच वर आहे, तेव्हा रागवायचंच तर सगळ्यांवर सारखंच रागवते.

माझं काम यंत्रं उघडायचं. आधी चौदा वर्षं मी दुरुस्तीच्या दुकानात होते. मग या बातम्यांच्या वेबसाइटने मला उचललं. बाजारात नवं यंत्र आलं की ते आणायचं, मी ते टेबलावर उघडायचं, एकेक भाग पांढऱ्या कागदावर ओळीने मांडायचा, फोटो काढायचे आणि खाली लिहायचं, कंपनीने कुठे काटकसर केलीय आणि कुठे गिऱ्हाइकाला टोपी घातलीय. सदराचं नाव होतं 'पोटात काय?' ऑफिसात मला डॉक्टरीणबाई म्हणत. संपादक म्हणायचे, आमच्या डॉक्टरीणबाईंच्या हातून आजवर एकही पेशंट वाचलेला नाही. सगळे हसायचे, मीही हसायचे.

त्या मंगळवारी जेवणाच्या सुट्टीनंतर एक माणूस आला. खोलीत ऊन नव्हतं तरी त्याने गॉगल लावला होता, म्हणून मी त्याला मनातल्या मनात गॉगलवाला म्हटलं. संपादकांनी त्याला आपल्या केबिनमध्ये बसवलं आणि मला हाक मारली. त्याने खिशातून एक राखाडी डबी काढली, चष्म्याच्या घरापेक्षा जरा लहान. आत बोटभर लांबीची, वाकडी, काळी वस्तू होती आणि तिच्यावर हिरवा दिवा लागलेला होता. डबीच्या तळाशी एका बड्या कंपनीची खूण होती. ती कंपनी कानाजवळ घालायचं काहीतरी गुपचूप बनवतेय, अशी कुजबुज वर्षभर चालली होती, पण कुणी ते बघितलं नव्हतं. विक्रीला यायच्या आधी कंपन्या अशा थोड्या वस्तू बनवून वापरून बघायला निवडक लोकांना देतात. त्यातलीच ही एक.

गॉगलवाला म्हणाला, पोहायच्या तलावावर कपडे बदलायच्या खोलीत बाकावर पडलेली मिळाली. मी म्हटलं, मग तिथल्या खिडकीवर का नाही दिली? त्याने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. तो संपादकांकडे बघून म्हणाला, "तुम्हाला नको असेल तर घेणारे दुसरे आहेत." संपादकांनी घाईघाईने मला डोळ्यांनी गप्प केलं. पाकीट दिलं गेलं. खर्चाच्या कागदावर 'प्रवास' असं लिहिलं गेलं. गॉगलवाला पाय न वाजवता निघून गेला.

मी डबी भिंगाखाली घेतली. झाकणाच्या आतल्या बाजूला कापडी चिकटपट्टीचा एक तुकडा लावलेला होता. त्यावर बॉलपेनने, वाकड्या पण स्वच्छ अक्षरात एक फोन नंबर होता आणि खाली लिहिलं होतं, 'सापडल्यास कृपया फक्त मेसेज करा.'

मी डबी तशीच उचलून केबिनमध्ये गेले. म्हटलं, हिचा मालक आहे, नंबर आहे, कळवू या. संपादकांनी पट्टी वाचली. दोनदा वाचली, कारण वाचताना त्यांचे ओठ हलतात. मग ते म्हणाले, कळवलं तर संध्याकाळच्या आत कंपनीचे वकील दारात उभे राहतील. आपण बातमी देणारे लोक, हरवलेल्या सामानाची खिडकी नाही. बातमी लागली की मग काय कळवायचं ते कळवू.

त्यांच्या खुर्चीमागे एक जुनी बातमी फ्रेम करून लावलेली आहे. तरुणपणी त्यांना एका कारकुनाने कंपनीतून चोरलेले कागद आणून दिले होते. लिफ्टचे दोर कच्चे आहेत हे माहीत असून कारखाना गप्प बसला होता, असं त्यात होतं. ती बातमी खरंच मोठी होती, ते मी नाकारणार नाही. तिच्यामुळे माणसं जगली. पण तेव्हापासून संपादकांना चोरीचा कागद आणि चोरीची वस्तू यांत फरकच दिसेनासा झाला. वाद निघाला की ते मान मागे वळवून फ्रेमकडे बघतात. त्या दिवशीही बघितलं. त्या कारकुनाने पाप लपवणाऱ्याचे कागद आणले होते. इथे कुणी काय पाप लपवलं होतं? हे मी तेव्हा बोलले असते तर शोभलं असतं. मला ते सुचलं दोन दिवसांनी.

आणि खरं सांगायचं तर न सुचण्याचं कारण वेगळं होतं. नंबर दहा आकडी होता आणि माझा फोन माझ्या खिशात होता. संपादकांची परवानगी कशाला हवी होती? मी बाथरूममध्ये जाऊन मेसेज करू शकले असते. पण मला ती वस्तू उघडायची होती. जगात कुणी न उघडलेली वस्तू माझ्या टेबलावर होती आणि माझे हात शिवशिवत होते. एकदा मेसेज गेला की ती परत द्यावी लागली असती. म्हणून मी बाहेर येताना स्वतःला बजावलं की मी माझं म्हणणं मांडलं, आता निर्णय वरच्यांचा. नोकरदार माणसाला हे वाक्य फार स्वस्तात मिळतं.

चाचणीच्या यंत्रांत कंपन्या एक बारीक स्विच घालतात. झाकण उचललं की आतलं सगळं पुसलं जातं, म्हणजे प्रतिस्पर्ध्याला काही वाचता येऊ नये. हे मला पक्कं माहीत होतं. मी संपादकांना दारातूनच सांगितलं की उघडलं की मेमरी जाणार. ते म्हणाले, मेमरीचा फोटो येतो का? मी हसले. हे मी लिहून ठेवतेय कारण पुढे हे कुणी सांगणार नाही. मी खरंच हसले.

गरम हवेने डिंक मऊ केला, कडेने पातळ पातं सरकवलं, झाकण उचललं. हिरवा दिवा गेला. आत काय होतं ते मला पाच मिनिटांत कळलं आणि माझे हात टेबलावरच थांबले. चारी बाजूंना बारीक माइक, आणि मागे, कानामागच्या हाडावर टेकावी अशी मऊ गादी, तिच्याखाली थरथरणारी चकती. दुकानात असताना मी म्हाताऱ्याकोताऱ्यांची कानाची मशीनं शेकड्यांनी साफ केली होती. हे कानाचं मशीन होतं. फार पुढचं, फार हुशार, पण कानाचं मशीन. आतल्या पट्ट्यावर सुईने कोरल्यासारखा आकडा होता, १७.

'फक्त मेसेज करा.' जो माणूस फोन ऐकू शकत नाही तो दुसरं काय लिहिणार?

मी केबिनमध्ये जाऊन सांगितलं. संपादकांचा चेहरा पडला, पण माझ्या कारणाने नाही. त्यांचा मथळा तयार होता, 'ही वस्तू तुमचं सगळं ऐकतेय'. त्यांनी मथळ्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह टाकलं. आमच्या धंद्यात प्रश्नचिन्ह टाकलं की सगळं धुऊन निघतं. मी म्हटलं, निदान तो आकडा तरी फोटोत पुसा, त्यावरून कंपनीला माणूस कळेल आणि त्याच्या अंगावर येईल. ते म्हणाले, आकडा हाच तर पुरावा आहे, आकड्याशिवाय लोक म्हणतील प्लॅस्टिकचं खेळणं आणून फोटो काढलाय. आकडा राहिला. खाली माझं नाव राहिलं.

बुधवारी सकाळी बातमी लागली आणि दुपारपर्यंत साइट दोनदा बसली, इतके लोक तुटून पडले. पलीकडच्या टेबलांवरून लोक येऊन मला शाबासकी देऊन गेले. संपादक शीळ घालत फिरत होते. कुणीतरी विचारलं, माल मिळाला कुठून? ते म्हणाले, सूत्रांकडून. गॉगलवाल्याला सूत्र म्हणताना त्यांची जीभ जराही अडखळली नाही.

संध्याकाळी घरी जेवताना नवऱ्याने कौतुकाने फोन सासूबाईंच्या पुढे धरला. सासूबाईंना माझ्या कामाचं नेहमी हसू येतं. धडधाकट वस्तू मोडायचा पगार मिळणारी आमची एकच सून, असं त्या पाहुण्यांना सांगतात. त्यांनी फोटो जवळ घेऊन बघितला आणि विचारलं, "कुणाचं गं हे?" मी म्हटलं, कंपनीचं. "कंपनीच्या कुणाचं?" मी म्हटलं, माहीत नाही. त्या एवढंच म्हणाल्या, "तो शोधत असेल की." आणि भात वाढून घेतला. पानावरून उठून मी गॅलरीत गेले आणि त्या नंबरवर मेसेज केला की तुमची वस्तू आमच्या ऑफिसात आहे. खाली पत्ता दिला.

उत्तर लगेच आलं, जसं कुणी फोन हातात धरूनच बसलं होतं. 'देवासारखे भेटलात. चालू आहे ना?'

लिहिणारीने बातमी बघितली नव्हती. मी गॅलरीत उभी राहून तीन उत्तरं लिहिली आणि तिन्ही पुसली. शेवटी 'उद्या या' एवढंच पाठवलं. माझ्यासारख्या तोंडाळ बाईला यापेक्षा जास्त जमलं नाही.

गुरुवारी अकराच्या सुमाराला ती आली. माझ्याच वयाची, साधी पँट आणि सुती कुर्ता, खांद्याला मोठी पिशवी. रात्रभर झोप नसावी असे डोळे. तोपर्यंत तिला सगळं कळलेलं होतं. ती बोलायची जरा मोठ्याने, आणि समोरच्याच्या तोंडाकडे टक लावून बघायची. दारातूनच ती म्हणाली, "मला बघू द्या."

माझ्या टेबलावर पांढऱ्या कागदावर एकतीस भाग ओळीने मांडलेले होते. फोटोसाठी मी ते फार सुबक मांडले होते. ती वाकून बघत राहिली. हात लावला नाही.

मग संपादकांनी तिला केबिनमध्ये बसवलं, पाणी दिलं, आणि मलाही बोलावलं. तिने सांगितलं ते थोडक्यात असं. आठ वर्षांपूर्वी एका आजारपणात तिचे कान गेले. साध्या मशीनचा तिला उपयोग होत नव्हता. ती पाळणाघरात काम करायची, ते सुटलं. मग या चाचणीत तिचा नंबर लागला. आठ महिने दर पंधरवड्याला जाऊन, तासन् तास बसून ते मशीन तिच्या एकटीच्या हाडाला जुळवलं होतं, आणि ते सगळं जुळवणं त्याच्या मेमरीत होतं. गेले पाच महिने ती पुन्हा पाळणाघरात होती, मुलं झोपतात त्या खोलीत. कोण रडतंय, कुणाचा श्वास घरघरतोय, हे ऐकायचं काम. रविवारी ती पोहायला गेली तेव्हा मशीन काढून डबी कपाटात ठेवली होती. कपाटाचं कुलूप कुणीतरी मोडलं. मशीनवर नाव-नंबर लिहायचा नाही असा कंपनीचा नियम, तरी तिने पट्टी लावली होती. मशीन गेलं तर एका दिवसात कळवायचं हाही नियम, पण कळवलं की चाचणीतून बाहेर. म्हणून ती चार दिवस मेसेजची वाट बघत थांबली. आणि आज सकाळी कंपनीचं पत्र आलं. सतरा नंबरने मशीन पैसे घेऊन बातमीवाल्यांना विकलं, असं त्यांचं म्हणणं होतं. तिची चाचणी बंद, वर पोलिसांत तक्रार.

मला त्या कंपनीचाही संताप आला. बाईच्या डोक्याला यंत्र बांधायचं, त्यावर तिचं नाव लिहू द्यायचं नाही, आणि ते गेलं की तिलाच चोर ठरवायचं.

संपादक ऐकता ऐकता स्क्रीनकडे वळले होते. ते म्हणाले, फार वाईट झालं, आणि आम्हाला तुमची बाजूही मांडायला आवडेल. तुमची मुलाखत घेऊ, फोटो घेऊ. ती म्हणाली, "इकडे बघून बोला." त्यांना ते पुन्हा बोलावं लागलं, तिच्या डोळ्यांत बघून, आणि दुसऱ्या वेळेला ते ऐकायला फारच वाईट वाटलं.

ती म्हणाली, मुलाखत नको. मी विकलं नाही एवढं दोन ओळीत लिहून द्या. कुणी आणून दिलं ते लिहा. संपादकांनी हात जोडले. म्हणाले, आम्ही सूत्राचं नाव उघड करत नाही. हे आमच्या व्यवसायाचं तत्त्व आहे, त्यासाठी पत्रकार तुरुंगात गेलेत. आणि त्यांची मान मागे फ्रेमकडे वळली.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्या कारकुनाने नोकरी पणाला लावून कागद आणले त्याच्यासाठी बांधलेलं कुंपण हे साहेब एका कुलूप मोडणाऱ्याभोवती घालत होते, आणि बाहेर कोण उभी होती, तर जिचं चोरलं ती.

तिने विचारलं, "झाकणात पट्टी होती. कुणी वाचली नाही?"

"आमच्या लक्षातच आली नाही," संपादक म्हणाले. कसं शांतपणे म्हणाले.

मी खुर्ची तिच्या समोर ओढली, तिला माझे ओठ नीट दिसावेत म्हणून. "वाचली होती," मी म्हटलं. "मी वाचली. यांनीही वाचली. मंगळवारी दुपारी, उघडायच्या आधी."

संपादक ताडकन उभे राहिले. मला म्हणाले, बाहेर जा. मी बाहेर गेले आणि ऑफिसच्या छापील कागदावर लिहायला बसले. माणूस कसा दिसत होता, किती वाजता आला, काय म्हणाला, खर्च कुठल्या नावाखाली घातला, पट्टीवर काय होतं, कोण काय बोललं. संपादक मागे येऊन उभे राहिले आणि हळू आवाजात सांगू लागले की यावर सही केलीस तर चोरीचा माल घेतल्याचा कबुलीजबाब होईल, तू आधी अडकशील, मग मी, मग या चाळीस लोकांचं पोट. चाळीस लोकांचं पोट मंगळवारी पाकीट देताना कुठे होतं, असं मी विचारलं. ते म्हणाले, सही केलीस तर उद्यापासून येऊ नकोस. मी म्हटलं, बरं.

कागद मी तिच्या हातात दिला. तिने टेबलाशी उभं राहूनच तो सावकाश वाचला, एकेका ओळीवर बोट ठेवून. मग माझ्याकडे बघितलं.

"मेसेज का नाही केला?"

यासाठी माझ्याकडे संपादकांचं नाव होतं, नोकरी होती, वकिलांची भीती होती. एकही तोंडातून निघालं नाही. "मला आत काय आहे ते बघायचं होतं," मी म्हटलं.

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली, मी अजून काही बोलते का म्हणून. मग तिने कागद माझ्यापुढे परत ठेवला आणि पेन उचलून माझ्या हातात दिलं. आता तिचा आवाज मोठा नव्हता.

"यात 'यंत्र उघडण्यात आलं' असं लिहिलंय," ती म्हणाली. "कुणी उघडलं ते लिहा. आणि बंद पडणार हे माहीत होतं का, तेही लिहा."

मी लिहिलं. मी उघडलं, आणि पुसलं जाणार हे मला माहीत होतं. खाली सही केली आणि तारीख घातली. तिने कागदाची घडी करून पिशवीत टाकली. एकतीस भागांकडे तिने पुन्हा बघितलं नाही. ते मी एका खोक्यात भरून दिले, तेही तिने घेतले नाहीत. संपादकांनी मागून पुन्हा एकदा मुलाखतीचं विचारलं, पण ती पाठमोरी होती.

मला त्याच दिवशी काढलं. पोलिसांनी दोनदा बोलावलं, जबाब घेतला. संपादक अजून तिथेच आहेत; त्या बातमीला कुठल्याशा संस्थेचं बक्षीसही मिळालं म्हणे. घरात बसून मी चडफडत होते. सासूबाई म्हणाल्या, रागावून कुणाचं काय दुरुस्त झालंय का? मी त्यांच्यावरही डाफरले.

तीन आठवड्यांनी फोनवर तिचा मेसेज आला.

'कंपनीने आरोप मागे घेतला. चाचणीत परत घेतलंय. नवं मशीन बनायला वर्ष लागेल, मग पुन्हा आठ महिने जुळवणं. पाळणाघराने दुसरी बाई ठेवली. तुमच्या कागदामुळे झालं म्हणून कळवलं. उत्तर पाठवू नका.'